स्टीअरिंगचा दोष नंतर, आधी जॉब कार्डावरची तारीख

इंदूरच्या एका वाचकांचे पत्र समोर आहे. गाडी आणि रक्कम बदलली तर असली पत्रे माझ्याकडे नेहमीच येतात. फेब्रुवारी 2024 मध्ये 62 लाखांना घेतलेल्या त्यांच्या आलिशान फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचे स्टीअरिंग कमी वेगात, वळणावर अचानक जड होते, पिवळा दिवा लागतो, आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केली की दिवाही जातो व जडपणाही. 11 जून 2024 पासून गाडी पाच वेळा अधिकृत वर्कशॉपमध्ये गेली. अलाइनमेंट झाले, नवे सॉफ्टवेअर टाकले, नोव्हेंबर 2024 मध्ये वॉरंटीतून स्टीअरिंग रॅकही (स्टीअरिंग फिरवल्यावर चाके वळवणारा भाग) बदलला; तरी यंदा एप्रिलमध्ये ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटाच्या उतारावर पुन्हा तेच घडले. वॉरंटी फेब्रुवारी 2027 पर्यंत असल्याने कंपनीला पाठवलेल्या नोटिशीचे उत्तर येईपर्यंत थांबावे का, असे ते विचारतात.

थांबू नये. वॉरंटीची मुदत आणि तक्रार दाखल करण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीच्या भरवशावर दुसरी घालवण्याच्या बेतात आहात. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. ते कारण नेमके कधी घडले, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. रॅक बदलणे ही दोषाची कबुलीच होय आणि तो बदलूनही दोष राहिल्याने मुदत तिथून मोजावी, असा युक्तिवाद मी स्वतः करीन; तो कदाचित मान्यही होईल. परंतु समोरचा वकील 11 जून 2024 च्या जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपने त्या भेटीची तक्रार आणि काम नोंदवलेल्या कागदावर, बोट ठेवणार, हे निश्चित. त्या हिशेबाने आपली मुदत येत्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपते आणि हे लिहिताना मे महिना निम्मा सरला आहे. नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही, आणि ग्राहक आयोगात जाण्यापूर्वी नोटीस पाठवलीच पाहिजे अशी सक्तीही नाही. शिवाय समोरच्याने आक्षेप घेतला नाही तरी मुदतीचा प्रश्न आयोगाने स्वतः तपासला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच सांगितले आहे. उशीर माफ करण्याची तरतूद कलम 69 मध्येच आहे, पण त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते, आणि ‘उत्तराची वाट पाहत होतो’ या कारणावर 62 लाखांचा दावा टांगून ठेवू नये.

आपल्या निष्काळजीपणाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. पाचपैकी दोन जॉब कार्डे आपण फेकून दिलीत आणि उरलेल्या तिन्हींवर ‘तपासले, दोष आढळला नाही’ या ओळीखाली ‘काम समाधानकारक’ म्हणून सही केलीत. गाडी घरी नेण्याच्या घाईत सगळेच ही सही करतात आणि पुढे तीच सही कंपनीच्या जबाबासोबत जोडलेली दिसते. आता आजच वर्कशॉपला ई-मेल करून गाडीच्या संपूर्ण सर्व्हिस नोंदी, प्रत्येक भेटीच्या वेळचे किलोमीटर आणि प्रत्येक वेळच्या स्कॅनिंगचा अहवाल मागा. फोनवर मागू नका. काढलेला जुना रॅक अजून त्यांच्याकडे असेल तर तो जपून ठेवावा, असेही त्याच ई-मेलमध्ये लिहा.

देवास नाक्यावरच्या ओळखीच्या मेकॅनिकने ‘अर्थिंगची केबल गंजली आहे, दीड हजारात काम होईल’ असे सांगितल्याचे आपण लिहिता. मी वकील आहे, तरीही त्याचे म्हणणे मला पटण्यासारखे वाटते. विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टीअरिंगची मोटर हळू वेगातल्या मोठ्या वळणावर सर्वांत जास्त करंट ओढते. घाटात इंजिन मंद, एसी आणि दिवे चालू, अशा वेळी गंजलेल्या जोडामुळे व्होल्टेज खाली गेले की कंट्रोल युनिट मोटरची मदत कमी करते. गाडी पुन्हा चालू केली की सारे सुरळीत. वर्कशॉपच्या सपाट आवारात हा दोष का दिसत नाही आणि रॅक बदलूनही का गेला नाही, याचा उलगडा यातून होऊ शकतो. तरी तो जोड त्याला उघडू देऊ नका. जोड घासून साफ झाला की पुरावा नाहीसा होतो, आणि ‘बाहेरच्या माणसाने वायरिंगला हात लावला’ ही सबब कंपनीला आयती मिळते. तसेच दिवा लागल्यावर युनिटमध्ये फॉल्ट कोड साठतो आणि बहुधा त्यासोबत त्या क्षणाचा वेग व व्होल्टेजही नोंदले जाते. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून हे कोड सर्रास पुसतात. यापुढे कोड पुसण्यापूर्वी आपल्यासमोर त्याची छापील प्रत काढावी, अशी अट जॉब कार्डावरच लिहून घ्या.

याच कारणासाठी तक्रारीसोबत कलम 38 खाली तज्ज्ञ तपासणीचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. उत्पादनातला दोष सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो आणि तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय फेटाळल्या गेलेल्या वाहनांच्या तक्रारींची संख्या लहान नाही. वाहनांच्या चाचणीची राष्ट्रीय संस्था नॅट्रॅक्स आपल्या शेजारी पीथमपूरलाच आहे. तिचे नाव सुचवता येईल, नेमणूक मात्र आयोग करील.

तक्रार इंदूरच्या जिल्हा आयोगात नेऊ नका. 2021 च्या नियमांप्रमाणे जिल्हा आयोगाची मर्यादा मोजलेल्या किमतीच्या 50 लाखांपर्यंत आहे. त्यामुळे आपली तक्रार भोपाळच्या राज्य आयोगाकडे, शुल्क 2,000 रुपये, आणि ती ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. विक्रेता आणि कंपनी, दोघांनाही पक्षकार करा. गाडीचे बिल पेढीच्या नावावर आहे म्हणून ‘हे ग्राहकच नाहीत’ असा आक्षेप येईल. पण एखाद्या खरेदीदार कंपनीने आपल्या संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी तेवढ्याने व्यापारी हेतूची ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2024 चा निर्णय आहे. भागीदारी पेढीला तो लागू व्हावा, परंतु गाडी घरच्या वापरात असल्याचे शपथपत्र जोडा.

नवी गाडी मिळेल, या आशेवर मात्र फार विसंबू नका. वॉरंटी सुटे भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्यापुरती असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये म्हटले आहे. म्हणून किमतीचा परतावा मागताना पर्यायी मागणी म्हणून कंपनीच्या खर्चाने पूर्ण दुरुस्ती, स्टीअरिंगवर वाढीव वॉरंटी आणि नुकसानभरपाई हेही लिहा.

चाचणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पहिली दोन-तीन वर्षे तारखा मोजण्यातच जातात, हे या पेशात असलेल्या कोणालाही ठाऊक आहे. तोवर गाडी घाटात नेऊ नका, आणि तपासणी लवकर व्हावी असा आग्रह पहिल्या सुनावणीपासून धरा. अहवाल हाती आला की आयोगाच्या परवानगीने तो गंजलेला जोड दुरुस्त करून घेता येईल आणि खटला चालू असतानाही गाडी वापरता येईल.