ब्रेकची हवा घरी काढायला कोणते पाने घ्यावेत?

तुम्ही विचारलंय की ब्रेक पॅडल स्पंजी लागतंय, हवा घरीच काढायची आहे, घरात फिक्स पान्यांचा सेट आहे, तेवढ्यावर काम भागेल का? फिक्स पाना मात्र निपलला, म्हणजे हवा काढायला चाकाजवळच्या ब्रेकवर असलेल्या छोट्या पोकळ स्क्रूला, लावू नका. तो षटकोनाच्या दोनच बाजू धरतो. पावसाळे काढलेलं निपल गंजून बसलेलं असतं, आणि जोर दिला की कडा गोल होतात. मग प्रश्न हवेचा राहत नाही, कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा, निपल बसवलेला भाग) उतरवायची वेळ येते.

घ्यायचा तो रिंग पाना, आणि आतून सहा कोनांचा. बाजारात सर्रास मिळणारी रिंग बारा कोनांची असते. ती नव्या निपलला चालते, पण झिजलेल्या कडांवर घसरते. माप आधी निपलवर लावून बघा. बहुतेक गाड्यांत ८ किंवा १० मिमी असतं, काहींत ९ किंवा ११. पुढच्या आणि मागच्या चाकांचं माप वेगळं असू शकतं. ८ च्या जागी ९ चा पाना 'जवळजवळ बसतो' म्हणून वापरला की कडा गेल्याच समजा. ब्रेक पाइपच्या नटसाठी येणारा तोंड कापलेला फ्लेअर पाना चांगला असतो, पण निपलसाठी त्याची गरज नाही. निपलचं टोक मोकळं असल्यामुळे पूर्ण रिंग वरून घालता येते.

निपल जाम असेल तर तारेच्या ब्रशने माती काढा, मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि निदान अर्धा तास थांबा. पहिला झटका सहा कोनी गोटी पान्याने (सॉकेटने) द्या, कारण गोटी सगळीकडून घट्ट बसते. सुटलं की हलकं बंद करा, गोटी काढा, आधी रिंग घाला आणि मग तेल बाटलीत नेणारी नळी चढवा. हा क्रम चुकला तर नळी काढून पुन्हा सुरुवात करावी लागते. पाना आखूडच बरा. निपल आतून पोकळ असतं, लांब दांड्याने पिळलं की आट्यांतच तुटतं. बंद करतानाही तेच. ब्रेकचं तेल आटे अडवत नाहीत, टोकाचा निमुळता भाग बैठकीवर बसून अडवतो. छोट्या गाड्यांत साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर, म्हणजे आखूड पान्याला मनगटाचा जोर पुरतो.

नळी पारदर्शक हवी, आतून ५-६ मिमी, निपलवर ताणून बसेल अशी. ती निपलपासून आधी वर न्या, मग बाटलीत सोडा, म्हणजे बुडबुडे निपलपासून दूर चढतात. बाटलीत थोडं नवं तेल घालून नळीचं तोंड त्यात बुडवा. नुसती हवा काढायला अर्धा लिटर तेल पुरतं, सगळं जुनं बदलायचं तर एक लिटर आणा. ब्रेक तेलाच्या टाकीच्या झाकणावर तेलाचा प्रकार, डॉट ३ की डॉट ४, लिहिलेला असतो, तेच घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. महिनोन्‌महिने उघडी पडलेली बाटली नको, तेल हवेतला ओलावा ओढतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो.

हाताने ओढायचा व्हॅक्यूम पंप घेतलात तर एक लक्षात असू द्या: सैल निपलच्या आट्यांतूनही हवा आत येते आणि नळीत बुडबुडे संपतच नाहीत. ती हवा ब्रेकमधली नसते. मदतीला माणूस मिळत असेल तर पंप नकोच. त्याने इंजिन बंद ठेवून पॅडल दाबून धरायचं, तुम्ही निपल पाव फेरा उघडायचं, बंद केल्यावरच त्याने पॅडल सोडायचं. जुन्या गाडीत पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. एरवी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावरून मास्टर सिलेंडरचं (पॅडल दाबल्यावर तेल ढकलणाऱ्या नळकांड्याचं) सील घासलं की ते फाटतं. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी भरा, पातळी खालच्या खुणेखाली गेली तर हवा वरूनच शिरते.

गाडी जॅकवर तोलून काम करू नका. खाली स्टँड, आणि जमिनीवरच्या चाकांना अडण. तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. एवढं करूनही पॅडल मऊ राहिलं तर निपल कॅलिपरच्या वरच्या बाजूला आहे ना ते बघा. डावं-उजवं कॅलिपर अदलाबदल झालं की निपल खाली येतं आणि हवा वर अडकून राहते.