पाचव्या महिन्याच्या स्कॅनिंगमध्ये ‘मार्कर’ आलाय, आता काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातलं गाव, वय 27, पहिलीच खेप, डबल मार्कर (पहिल्या तीन महिन्यांतली रक्ताची चाळणी चाचणी) केलेली नाही. बेळगावात 19 आठवडे 4 दिवसांना स्कॅनिंग झालं. रिपोर्टमध्ये बाळाच्या हृदयात ‘एकोजेनिक फोकस’ आणि उजव्या मूत्रपिंडात ‘पायलेक्टॅसिस 4.6 मिमी’ लिहिलंय, खाली ‘कोरिलेट विथ क्वाड / एनआयपीटी’, म्हणजे यातल्या एका रक्तचाचणीशी ताडून बघा. डॉक्टर घाईत होते, आणि घरी सासूबाई म्हणतात की ग्रहणात विळी हातात घेतलीस म्हणून हे झालं.

आधी विळीचं सांगते. ग्रहण, विळी, पपई, दुचाकीवरचा प्रवास, यातल्या कशानंही हे होत नाही. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. हे वाक्य सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत घेऊन गेलात तर घरातला अर्धा ताण तिथंच उतरेल.

आता रिपोर्ट. मार्कर म्हणजे आजार नव्हे. निरोगी बाळांतही दिसणारी, पण डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषात थोडी जास्त वेळा दिसणारी खूण. हृदयातला फोकस म्हणजे झडपेला धरून ठेवणाऱ्या बारीक स्नायूवर कॅल्शियमचे कण साठून पडद्यावर हाडासारखा पांढरा दिसणारा ठिपका. हृदयाला भोक नाही, ठोक्यात बिघाड नाही, बाळाला त्याचा त्रास नाही. आपल्या आशियाई बायकांच्या बाळांत तो जास्तच दिसतो.

मूत्रपिंडाचं ‘पायलेक्टॅसिस’चं माप नीट समजून घ्या. लघवी मूत्रपिंडातून खाली उतरण्याआधी ज्या छोट्या पिशवीत जमते, तिची समोरून मागे रुंदी मोजतात. 28 आठवड्यांपर्यंत 4 मिमीच्या आत असली तर नॉर्मल. तुमची 4.6, म्हणजे हद्दीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त. पडद्यावर मोजायच्या दोन खुणा जरा अलीकडे-पलीकडे ठेवल्या, किंवा तेव्हा बाळाचं मूत्राशय भरलेलं असलं, तरी एवढा फरक पडतो. बहुतेक बाळांत हे आपोआप कमी होतं. दोन्ही बाजूंची पिशवी मोठी आणि गर्भजलही कमी, असं लिहिलं असतं तर मी थांबू नका म्हटलं असतं.

पण एक गोष्ट लपवणार नाही. फोकस एकटाच असता तर त्याला फार महत्त्व दिलं नसतं. तुमच्याकडे दोन खुणा एकत्र आहेत आणि आधीची कुठलीही चाळणी चाचणी नाही, त्यामुळे ‘कोरिलेट’ ही ओळ सोडून देऊ नका. 27व्या वर्षी डाउन सिंड्रोमची मूळ शक्यता हजारात एकच्या आसपास असते. दोन सौम्य खुणांनी ती वाढते, पण बाळ निरोगी असण्याची शक्यता तरीही कितीतरी मोठी राहते. उद्या कुठल्या रिपोर्टवर ‘हाय रिस्क 1:180’ असं लाल अक्षरात आलं तर ते उलटं वाचा: अशा 180 बायकांपैकी 179 जणींच्या बाळाला तो दोष नसतो.

यापेक्षा मानेमागची जाडी 6 मिमी किंवा जास्त, नाकाचं हाड न दिसणं, मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्याची रुंदी 10 मिमी किंवा जास्त, या खुणा जड. रिपोर्ट उघडून यातलं काही लिहिलंय का ते आजच बघा. ‘नीट दिसलं नाही’ आणि ‘नाही’ यातला फरकही बघा. बाळ पालथं असलं किंवा पोटाची चरबी जाड असली की भाग दिसत नाहीत. अर्धा तास चालून आल्यावर पुन्हा बघतात, नाहीतर आठवड्याभरानं बोलावतात.

आता तारखा, कारण खरी घाई तिथं आहे. आधी आठवडे पक्के करा. शेवटच्या पाळीवरून नाही, तर पहिल्या तीन महिन्यांतल्या स्कॅनमध्ये बाळाच्या लांबीवरून काढलेले आठवडे धरा. क्वाड चाचणीचा हिशोब आठवडे, वय, वजन, मधुमेह आणि जुळं यावर चालतो. फॉर्मवर वजन चुकलं तरी आकडा बदलतो. एनआयपीटी आईच्या रक्तातल्या बाळाच्या डीएनएवरून होते आणि डाउन सिंड्रोमसाठी क्वाडपेक्षा पुष्कळ अचूक आहे. परवडत असेल तर मी तीच करायला सांगेन. पैसे भरण्याआधी विचारा: नमुन्यात बाळाचा डीएनए कमी पडला तर दुसऱ्यांदा रक्त घ्यायचे पैसे पडतात का?

दहा दिवसांत तिचा रिपोर्ट आला तर तुम्ही 21 आठवड्यांवर असाल. निगेटिव्ह आला तर बहुतेक वेळा तिथंच थांबतात. पॉझिटिव्ह आला तरी ती चाळणीच आहे, निदान नाही; त्यावर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, ॲम्निओसेंटेसिस करायची. त्यात स्कॅनवर बघत बारीक सुईनं 15 ते 20 मिली गर्भजल काढतात. सुई काही मिनिटांचीच असते, पण भीती तिचीच जास्त वाटते. गर्भपाताचा धोका अनुभवी हातात दोनशेत एकाहून कमी. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डी इंजेक्शन लागतं, ते आधीच सांगून ठेवा. घरी आल्यावर पाणी झिरपलं, रक्त गेलं किंवा ताप आला तर सकाळची वाट बघू नका.

गर्भजलाचा झटपट रिपोर्ट दोन-तीन दिवसांत मिळतो, पूर्ण गुणसूत्रांचा दोन ते तीन आठवड्यांनी. म्हणजे 21 आठवड्यांनंतर सुई झाली तर पूर्ण रिपोर्ट हाती येईतो 24वा आठवडा उजाडतो. 2021च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्यात 20 ते 24 आठवड्यांदरम्यान ठरावीक कारणांसाठी, गंभीर व्यंग हे त्यातलंच एक, दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. 24च्या पुढं गंभीर व्यंगासाठी राज्याचं वैद्यकीय मंडळ ठरवतं. तुमच्यावर ही वेळ येईल असं म्हणत नाही. पण आज ‘बघूया’ म्हणून तीन आठवडे गेले तर पुढं निवडीला जागाच उरत नाही. म्हणून याच आठवड्यात हला. जड खुणा असतील तर मधली चाचणी न करता थेट सुईचा विचार करावा का, तेही विचारा.

कुठं जायचं? ‘फीटल मेडिसिन’, म्हणजे पोटातल्या बाळाची तपासणी-उपचार, शिकलेले डॉक्टर शोधा. साध्या सोनोग्राफी सेंटरवर पुन्हा तेच स्कॅन करण्यात फारसा अर्थ नाही. बेळगावात बिम्स आणि केएलई ही दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं आधी फोनवर चौकशी करा. निपाणी-चिकोडीकडच्या बायकांना कोल्हापूर जवळ पडतं, तुम्हाला हुबळीही चालेल. गर्भपाताचा आणि लिंगनिदानबंदीचा कायदा कर्नाटकात आणि महाराष्ट्रात एकच, पण 24 आठवड्यांनंतरचं मंडळ त्या-त्या राज्याचं असतं. हद्द ओलांडताना ते लक्षात असू द्या. सोबत ताई कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड), आधार, सगळे रक्ताचे रिपोर्ट, पहिलं स्कॅन आणि परवाच्या स्कॅनचे फोटो न्या. मुलगा की मुलगी हे विचारू नका, कुणालाही सांगता येत नाही.

आत गेल्यावर एवढं विचारा: दोनच खुणा आहेत का आणखी काही? हृदयाचे चारही कप्पे नीट दिसले का, फीटल इको (बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी) लागेल का? पुढचं स्कॅन कधी? उत्तरं कागदावर उतरवून घ्या. कन्नडमधलं कळलं नाही तर ‘मराठीत सांगा’ म्हणायला संकोच करू नका, बेळगावात ते रोजचंच आहे.

वाट बघण्याचे दिवस सर्वांत जड जातात. रात्री फोनवर फोटो शोधणं बंद ठेवा, तिथं सगळी वाईटच प्रकरणं वर येतात. बातमी दोन-तीन माणसांनाच सांगा, रिपोर्ट आणायला नवऱ्यालाच पाठवा. बाळ हललं नाही म्हणून घाबरू नका, पहिल्या खेपेला 20 आठवड्यांपर्यंत, वार पुढच्या बाजूला असेल तर त्याहून उशिरा कळतं. लोहाच्या गोळ्या आणि जेवण चुकवू नका. मार्कर घालवणारं औषध नाही, पडून राहूनही तो जात नाही. झोपच लागेना, जीव नकोसा वाटला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.

सगळं नीट निघालं तरी मूत्रपिंडासाठी 32 आठवड्यांच्या आसपास एक स्कॅन करा. तेव्हा 7 मिमीच्या आत असलं तर काळजी मिटली. जास्त असलं तर बाळंतपणानंतर बाळाची सोनोग्राफी होते, पण पहिल्या 48 तासांत करून घेऊ नका. त्या वेळी बाळाच्या अंगात पाणी कमी असतं आणि पिशवी खोटीच लहान दिसते. म्हणून हा 4.6चा कागद ताई कार्डाला टाचून ठेवा, आणि बाळाच्या डॉक्टरांना आठवणीनं दाखवा.