अ‍ॅपलाचियन ट्रेल मध्ये खंड घेऊन एकाच वर्षात पूर्ण करायचा आहे. ऋतूंप्रमाणे कोणता भाग कधी चालावा?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: एप्रिलच्या शेवटापर्यंत तुम्हाला निघता येत नाही, ऑगस्टमध्ये तीनेक आठवडे ट्रेल सोडावाच लागणार आहे, आणि त्यानंतर वर्षअखेरपर्यंत मोकळे आहात. हा ट्रेल म्हणजे अमेरिकेच्या पूर्व भागातली, दक्षिणेच्या जॉर्जिया राज्यापासून उत्तरेच्या मेन राज्यापर्यंतची लांबलचक डोंगरी पायवाट. जॉर्जियातून उत्तरेकडे निघालो तर मेनमध्ये पोचेपर्यंत थंडी गाठेल, ही तुमची भीती रास्त आहे. मी जवळपास अशाच अटींवर हा ट्रेल फ्लिप-फ्लॉप पद्धतीने केला, म्हणजे मधून सुरुवात, आधी उत्तर टोक, मग परत मध्यावर येऊन दक्षिण टोक.

‘मग ही खरी थ्रू-हाइक धरतात का?’ या शंकेचं आधी उरकतो. धरतात. बारा महिन्यांच्या आत सगळा ट्रेल चालला की झालं. क्रम आणि दिशा कोणी विचारत नाही. मार्च-एप्रिलमध्ये दक्षिण टोकाला होणारी गर्दी फुटावी म्हणून ट्रेलची काळजी घेणारी संस्था स्वतःच फ्लिप-फ्लॉप सुचवते. एम्मा गेटवुड आजींनी १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, हा ट्रेल एका दमात केला, आणि पुढे तिसऱ्यांदा केला तो तुकड्यातुकड्यांनी. त्यांना कोणी हिशोब मागितल्याचं ऐकिवात नाही.

आता मुद्दा. बहुतेक जण रोज किती मैल चालायचं यापासून सुरुवात करतात. मी म्हणेन, ते शेवटी. आधी ज्या तारखा तुमच्या हातात नाहीत त्या कागदावर मांडा. माझ्या कागदावर तीन होत्या.

पहिली, १५ ऑक्टोबर. उत्तर टोकाचा कटाह्डिन पर्वत बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये आहे आणि तिथला मुक्काम या तारखेला बंद होतो. त्याआधीही हवा बिघडली की वर सोडत नाहीत. सलग उत्तरेकडे चालणारे सगळे या एका तारखेच्या धाकात असतात. दुसरी, मेचा शेवटचा सोमवार, म्हणजे मेमोरियल डे. व्हरमाँटमध्ये बर्फ वितळल्यावर वाटांचा नुसता राडा होतो. चिखल टाळायला माणूस कडेकडेने चालतो आणि दर वर्षी वाट हातभर रुंद होते, म्हणून तिथला ग्रीन माउंटन क्लब मेमोरियल डेपर्यंत या वाटांवर येऊ नका म्हणून सांगतो. (नंतरही चिखल लागला तर सरळ मधून जायचं. बूट भरू द्या.) तिसरी तारीख नक्की नसते, ती म्हणजे काळ्या माश्यांचा हंगाम. मेनमध्ये म्हणतात, मदर्स डेला येतात आणि फादर्स डेला जातात. म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारपासून जूनच्या तिसऱ्या रविवारपर्यंत. डास त्यानंतरही असतात, पण डासांबरोबर जगता येतं. काळी माशी कानामागे आणि केसांच्या कडेला रक्त काढते.

हे तिन्ही मांडल्यावर सुरुवात कुठून करायची ते आपोआप ठरतं. वेस्ट व्हर्जिनियातलं हार्पर्स फेरी. सुमारे ३५०० किलोमीटरच्या ट्रेलचा हा जवळपास मध्य. इथून उत्तरेकडे कटाह्डिन साधारण १८८० किलोमीटर, दक्षिणेकडे जॉर्जियातलं दक्षिण टोक, स्प्रिंगर माउंटन, साधारण १६५०. एप्रिलअखेर निघालात आणि विश्रांतीचे दिवस धरून रोजची सरासरी १९-२० किलोमीटर पडली, तर व्हरमाँटची हद्द जूनच्या मध्यावर येते, तेव्हा चिखल बराच आटलेला असतो. न्यू हॅम्पशायरमधले व्हाइट माउंटन्स डोंगर जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला आणि मेन जुलैमध्ये, माश्या ओसरल्यावर. जुलैअखेर कटाह्डिन. तुमचा ऑगस्टचा खंड तिथे अलगद बसतो.

या क्रमाचा आणखी एक फायदा मला चालतानाच कळला. मेरीलँड आणि दक्षिण पेनसिल्व्हेनिया तसे सौम्य आहेत, पाय तिथे तयार होतात. उत्तर पेनसिल्व्हेनियात मात्र वाट म्हणजे नुसते उभे, टोकदार दगड. दिवसभर नजर पायाखालून हलत नाही, आणि माझ्या बुटांचे तळ तिथेच फाटले. व्हाइट माउंटन्सपर्यंत पोचता तेव्हा हजारेक किलोमीटर अंगात मुरलेले असतात, ते हवेतच. तिथल्या माउंट वॉशिंग्टनवर १९३४ साली ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला होता. जुलैतही मी वरच्या उघड्या धारेवर टोपी आणि हातमोजे घालून चाललो. म्हणून उन्हाळा आला म्हणून गरम कपडे घरी पाठवण्याची घाई नको. मी स्लीपिंग बॅग मेच्या पहिल्या आठवड्यात पाठवली आणि पुढच्या तीन रात्री सगळे कपडे अंगावर चढवून कुडकुडत काढल्या.

मे-जूनमध्ये या पट्ट्यात गोचिड्यांचं मात्र मनावर घ्या. लाइम रोग पसरवणारी पिल्लं खसखशीएवढी असतात. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरपट्ट्याखाली बोटांनी चाचपायचं. कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक आधीच लावून ठेवा.

आता खंड. याच्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही आणि मी नेमका इथेच आपटलो. कटाह्डिनहून उतरलो तेव्हा पाय घोड्यासारखे झाले होते. तीन आठवडे बसून खाल्लं. परत हार्पर्स फेरीहून दक्षिणेकडे निघालो ते जुन्याच रुबाबात, पहिल्याच दिवशी ३० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी उत्तर व्हर्जिनियातलं ‘रोलर कोस्टर’ लागलं: वीसेक किलोमीटरमध्ये छोट्या छोट्या डझनभर टेकड्या, वर आणि खाली, वर आणि खाली. त्यात ऑगस्टअखेरचा दमट उकाडा, आणि दोन झरे आटलेले. तिसऱ्या दिवशी नडगीचं हाड असं ठणकायला लागलं की फ्रंट रॉयल गावात उतरून सहा दिवस मोटेलचं छत बघत पडलो. तेव्हा खंडानंतरचा पहिला आठवडा रोज १५ किलोमीटरच्या वर जाऊ नका. वेळापत्रकात तो आठवडा आजारपणाचा म्हणून धरा. आणि खंड कुठे घ्यायचा हे मैलांवरून ठरवू नका, गाडी कुठे मिळते त्यावरून ठरवा. हार्पर्स फेरीला राजधानी वॉशिंग्टनहून थेट रेल्वे येते. कटाह्डिनहून मात्र मिलिनॉकेट, मेडवे, तिथून बसने बँगोर, असा अख्खा दिवस जातो.

दक्षिणेचा भाग ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर. सप्टेंबर चक्रीवादळांचा. २०२४ मध्ये हेलीन वादळाने टेनेसीतल्या अर्विनचा ट्रेलवरचा पूल वाहून नेला, तेव्हा निघण्याआधी कोणते तुकडे बंद आहेत ते बघाच. ऑक्टोबर म्हणाल तर सबंध वाटचालीतला सर्वांत सुंदर महिना, फक्त ओल्या पानांखालचा दगड दिसत नाही, आणि शिकारीचे दिवस असल्याने अंगावर भगभगीत नारिंगी काहीतरी हवं. ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कचा परवाना आधी काढा. थ्रू-हायकरला ४० डॉलर, आणि आठ दिवसांत पार्क ओलांडायचं. मी तिथे नोव्हेंबरात होतो. साडेपाचला अंधार, पहाटे बाटलीत बर्फ. पाण्याचा फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. आतल्या नळ्या एकदा गोठल्या की तो बाहेरून धडधाकट दिसतो आणि गाळत काहीच नाही.

तुमचं निघणं जूनपर्यंत लांबलं तर हे सगळं विसरा आणि कटाह्डिनहून सरळ दक्षिणेकडे या. खंड मग वाटेत कुठेही घ्या.

आणि एक. जिथे ट्रेल सोडाल तिथल्या पांढऱ्या पट्टीचा, म्हणजे ट्रेलच्या खुणेचा, फोटो काढून ठेवा. मी हार्पर्स फेरीला गाडीतून उतरलो आणि उत्साहात थेट पोटोमॅक नदीवरच्या पुलाने उत्तरेकडे सुटलो. खंडानंतर परतलो तेव्हा गावात वरच्या बाजूला असलेल्या, ट्रेलची काळजी घेणाऱ्या संस्थेच्या कचेरीत हवामानाची चौकशी केली आणि तिथल्या निळ्या पट्ट्यांच्या जोडवाटेने दक्षिणेचा ट्रेल धरला. स्प्रिंगरला पोचल्यावर रात्री नकाशा बघताना लक्षात आलं की गावातल्या पायऱ्यांपासून जेफरसन रॉकवरून त्या जोडवाटेपर्यंतचा, मैलभरही नसलेला तुकडा मी चाललोच नव्हतो. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात, पुन्हा हार्पर्स फेरीला गेलो. वीस मिनिटं लागली.