पत्रपेटीवर नाव लावलंय का?

प्रश्न : ताई नमस्कार, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जर्मनीत लाइपझिगला आलो, महिन्यापूर्वी भाड्याचं घर मिळालं. ताबा घेतला तर आत काहीच नाही, किचन म्हणजे चार भिंती आणि एक पाइप, सिंकसुद्धा नाही, छताला दिव्यांच्या जागी वायरी लोंबतायत. आनमेल्डुंग, म्हणजे सरकारी ऑफिसात पत्त्याची नोंदणी, वेळेत केलं पण टॅक्स आयडी अजून आला नाही. गेल्या रविवारी नवरा पडद्याचा रॉड लावायला ड्रिल करत होता तर खालच्या मजल्यावरच्या आजींनी दारावर चिठ्ठी लावली, मोबाइलवर ट्रान्सलेट करून वाचली तेव्हापासून मला जिन्यातून जायचीच भीती वाटते. तो ऑफिसला गेला की दिवसभर एकटीच असते. हे घर आपलं कधी वाटणार?

उत्तर : अगं, आधी एक सांग, खाली दाराशी पत्रपेट्या आहेत ना, त्यातल्या तुमच्या पेटीवर तुमचं आडनाव आहे का? आधीच्या भाडेकरूचं असेल तर आजच बदल, कागदावर लिहून टेपने चिकटवलं तरी चालेल, घरमालकाची छापील पट्टी येईल तेव्हा येईल. इथे पत्त्यात बहुतेक वेळा फ्लॅट नंबर नसतोच, पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो, नाव दिसलं नाही की पत्र परत. टॅक्स आयडीचं पत्र बॉनच्या केंद्रीय टॅक्स ऑफिसातून आनमेल्डुंगनंतर आपोआप निघतं, ११ आकडी नंबर असतो आणि तो फोनवर सांगत नाहीत, पोस्टानेच येतो. माझं पत्र असंच परत गेलं होतं, दोन पगार टॅक्स जास्त कापून आले, कारण नंबर नसला की सहाव्या टॅक्स क्लासने कापला जाऊ शकतो आणि तो सगळ्यात जड. पैसे नंतर मिळाले, पण घरात गादीसुद्धा नव्हती त्या दिवसांत ते हवे होते गं. तेव्हा नाव लाव, बेलच्या पट्टीवरही लाव, आणि त्याच ऑफिसच्या वेबसाइटवर नंबर परत मागव. हो, पेटीत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचंही पत्र येईल, ते कुणीतरी फसवतंय समजून फेकू नकोस, टीव्ही नसला तरी दर घरामागे महिना १८.३६ युरो भरावे लागतात, घरात माणसं कितीही असली तरी एकदाच.

किचनचं म्हणशील तर तुमची फसवणूक झालेली नाही, इथे बरेच लोक किचन स्वतःचं समजून जाताना उचलून नेतात किंवा पुढच्या भाडेकरूला विकतात. नवीन घ्यायची घाई करू नका, सेकंडहँड जाहिरातींत आठवड्याला ढिगाने किचनं असतात, तोवर प्लगची दोन बर्नरची शेगडी पुरते. मोठ्या शेगडीची जाड वायर मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्या, नवऱ्याला हात लावू देऊ नकोस. आणि निदान एका खोलीत चांगला दिवा आधी लावून घ्या, मेन स्विच बंद करून, कारण डिसेंबरात तिथे चारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि नुसत्या बल्बखाली एकटीने बसलं की मन आणखी खचतं, हे मी अनुभवाने सांगतेय.

खिडक्यांचं कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. पहिल्या हिवाळ्यात थंडी लागते म्हणून मी खिडक्या घट्ट बंद ठेवायचे, किंवा फार तर वरून तिरकी फट ठेवायची दिवसभर, कपडेही आतच वाळायचे. फेब्रुवारीत कपाट जरा सरकवलं तर मागच्या कोपऱ्यात तळापासून गुडघ्याएवढी काळी बुरशी, हात लावला तर भिंत ओलसर, ब्लाउजच्या घडीलासुद्धा तो वास. तिरक्या फटीने भिंत गार पडते आणि वाफ काही नीट बाहेर जात नाही, त्यापेक्षा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा, मग परत बंद. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवू नका. बुरशीचा खर्च कुणाचा यावरून घरमालकाशी वाद होतात आणि नव्या माणसाला ते निस्तरणं जड जातं.

आता आजी. रविवारी ड्रिल, हातोडी नाही म्हणजे नाही, आणि एरवीही रात्री १० ते सकाळी ६ शांतता. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून १९१९च्या वायमार राज्यघटनेत होता, तेच कलम आजच्या घटनेतही आहे, त्यामुळे दुकानंही बंद असतात. तुम्हाला माहीत नव्हतं, आणि त्यांना हे माहीत नाही की तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच झालंय. दुपारी खाली जाऊन बेल वाजव, "एस टूट उन्स लाइट", आम्हाला वाईट वाटतंय, एवढं पाठ कर आणि पुढे आपलं नाव सांग, बाकी मोडकंतोडकं चालेल. चिठ्ठी लिहिणारी माणसं बऱ्याचदा सगळ्या बिल्डिंगची काळजी वाहणारी असतात. उद्या तुम्ही घरी नसताना पार्सल आलं तर पोस्टमन ते शेजाऱ्यांकडे ठेवतो आणि तुमच्या पेटीत तसं लिहून जातो, मग तुला त्यांच्याच दाराशी जायचंय. भाषेसाठी फोल्क्सहोखशूलेचा, म्हणजे शहराच्या प्रौढ शिक्षण केंद्राचा, क्लास बघ, सकाळच्या बॅचला बहुतेक तुझ्यासारख्याच बायका असतील, आठवड्यातून चार दिवस घराबाहेर पडणं होईल. घर आपलं कधी वाटेल याची तारीख नाही देता येत गं, मला दुसरा हिवाळा लागला.

प्रश्न : म्युनिकमध्ये घर बघतोय. एकाने तीन महिन्यांचं डिपॉझिट एकदम मागितलंय आणि तो परगावी असल्यामुळे चावी पोस्टाने पाठवतो म्हणतोय. देऊ का?

उत्तर : अजिबात नाही. घर आतून न बघता, चावी हातात न येता एक युरोही पाठवू नका, चावी पोस्टाने ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. खऱ्या घरमालकालाही जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, म्हणजे हीटिंग-पाणी वगैरे धरण्याआधीचं भाडं, तेवढंच डिपॉझिट घेता येतं, आणि ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. ताबा घेताना भिंतींचे ओरखडे, फरशीचे डाग, मीटरचे आकडे, सगळ्याचे फोटो काढा आणि ते दोघांच्या सहीच्या कागदावर उतरवून घ्या. डिपॉझिट परत घ्यायच्या वेळी तोच कागद लागतो.