फाटक पडतं, पण मालगाडी कुठे अडते?

प्रश्न : आमची शाळा आणि दवाखाना रुळांच्या पलीकडे. कोळशाच्या मालगाड्यांमुळे फाटक कधी कधी अर्धा तास उघडत नाही. या गाड्या रात्रीच सोडता येणार नाहीत का? निदान त्यांचं वेळापत्रक तरी लावा.
– एक वाचक भगिनी, वणी-घुग्घुस कोळसापट्टा

उत्तर : ताई, मी स्टेशन मास्तर होतो, म्हणून स्पष्टच सांगतो. कोळशाच्या मालगाडीला प्रवासी गाडीसारखं वेळापत्रक नसतं. सायडिंगला, म्हणजे कोळसा भरायच्या बाजूच्या लाइनीवर, रेक (मालडब्यांची अख्खी रांग) भरला की गाड्या सोडणाऱ्या कंट्रोल रूमला निरोप जातो आणि दोन प्रवासी गाड्यांच्या मधे जागा मिळेल तशी ती सुटते. ताडाळी स्टेशनला पुढे दिल्ली-चेन्नईचा मुख्य मार्ग लागतो, तो कायम भरलेला. रात्रीच सोडायच्या म्हटलं, तर भरलेले रेक दिवसभर उभे करायला रिकाम्या लाइनी लागतील. शिवाय रेक ठरल्या वेळेत भरला नाही तर डेमरेज, म्हणजे रेक अडवून ठेवल्याचा दंड, चढतं, म्हणून भराई दिवस-रात्र चालते.

पण तुमचा अर्धा तास जातो तो गाडीच्या वेगामुळे नव्हे. अठ्ठावन्न वाघिणींची (मालडब्यांची) गाडी जवळपास 700 मीटर लांब असते. ताशी 15 किलोमीटरने आली तरी तीन मिनिटांत फाटक ओलांडते. घोळ होतो तो पुढची लाइन रिकामी नसताना. गाडी होम सिग्नलला, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलला, थांबते, शेपूट फाटकावर राहतं, आणि गेटमन बिचारा लोकांच्या शिव्या खातो. त्याच्या हातात काही नसतं. इंटरलॉक, म्हणजे सिग्नलशी जोडलेलं, फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही आणि एकदा सिग्नल दिला की त्याला मनात येईल तेव्हा फाटक उघडता येत नाही. रुग्णवाहिका येतेय हे त्याला आधी कळलं, तर तो स्टेशनला फोन करून सिग्नल देण्यापूर्वी थांबायला सांगू शकतो. तेव्हा दवाखान्याच्या लोकांकडे फाटकाचा आणि स्टेशनचा नंबर असायलाच हवा. खालून वाकून मात्र कुणीही जाऊ नये, मुलांना तर बजावूनच ठेवा.

म्हणून मागणी वेळापत्रकाची करू नका. पुढची लाइन मोकळी झाल्यावरच गाडी फाटकाकडे सोडा, एवढं लेखी मागा. सोबत पुलाची मागणी. चोवीस तासांतल्या रेल्वेगाड्या गुणिले तेवढ्याच वेळातली रस्त्यावरची वाहनं, हा आकडा एक लाखावर गेला की उड्डाणपुलाचा खर्च रेल्वे आणि राज्याने वाटून घ्यायचा, असा निकष चालत आला आहे. त्यात एक दुचाकी म्हणजे पाव वाहन धरतात. गावातल्या कॉलेजच्या पोरांना मोजणीला बसवा. फाटक किती वाजता पडलं, किती वाजता उघडलं आणि गाडी नेमकी कुठे उभी होती, हे तिन्ही वहीत लिहा. तिसरा रकाना सोडू नका, अर्जाला वजन त्यानेच येतं.