बिल दिलं, पैसे कुठे अडले?

फ्रीलान्स काम करणाऱ्या वाचकांची या वेळची पत्रं बहुतेक बिलं आणि वसुलीबद्दलच आहेत. त्यांतल्या तिघांना उत्तरं.

प्र. मी भाषांतराची कामं घेते. एका कंपनीला बिल देऊन 45 दिवस झाले. काम आवडलं म्हणतात, पण पैशांचं विचारलं की ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच सांगतात. सारखा तगादा लावायला संकोच वाटतो.

उ. काम आवडलेली माणसं वेगळी आणि पैसे सोडणारी वेगळी. तुम्ही पहिल्यांना विचारत आहात, त्यांना खरंच काही माहीत नसेल. अकाउंट्स विभागाचा ईमेल मिळवा आणि नेमकं विचारा: बिल तुमच्या सिस्टीममध्ये चढलं का? मंजूर झालं का? पेमेंट कोणत्या तारखेला सुटणार?

पुष्कळदा पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर येतं. बिलावर पर्चेस ऑर्डरचा, म्हणजे कंपनीने काम देताना काढलेल्या लेखी मागणीचा, नंबर नसतो, व्हेंडर (पुरवठादार) नोंदणीचा फॉर्म भरायचा राहिलेला असतो, बिल कंपनीच्या नोंदणीकृत नावाऐवजी ब्रँडच्या नावाने काढलेलं असतं, नाहीतर बिलावरचं तुमचं नाव बँक खात्यावरच्या नावाशी जुळत नाही. अशी बिलं परत पाठवायची तसदी कुणी घेईलच असं नाही, ती नुसती पडून राहतात. पुढच्या वेळी या चारही गोष्टी काम हातात घेण्याआधी विचारून घ्या.

मुदतीचा घोळही तपासा. ‘नेट 30’ म्हणजे तुमच्या हिशेबाने बिलाच्या तारखेपासून 30 दिवस. कंपनी मात्र बिल हाती पडल्यापासून किंवा महिनाअखेरीपासून मोजत असेल. त्यात पेमेंट महिन्यातून एकदा-दोनदाच सुटत असेल, तर एक फेरी हुकली की बिल थेट पुढच्या फेरीत. म्हणून बिलावर देय तारीखच लिहा आणि महिना अक्षरांत लिहा. 03/04 हे कुणी 3 एप्रिल वाचतं, कुणी 4 मार्च.

संकोचाचं म्हणाल, तर ताकाला जाऊन भांडं लपवू नका. वेळापत्रक आधीच ठरवलं की दर वेळी मनाची तयारी करावी लागत नाही. देय तारखेच्या 3 दिवस आधी एक साधी आठवण, तारीख उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरी, 7 व्या दिवशी तिसरी, 14 व्या दिवशी फोन. ईमेलच्या विषयात बिल नंबर, रक्कम आणि देय तारीख टाका आणि बिल दर वेळी पुन्हा जोडा. ‘सवडीने बघा’ असं चुकूनही लिहू नका. उशिराचं व्याज करारात आधी लिहिलेलं असेल तर ते मागताना तुमची बाजू भक्कम राहते. मागाहून बिलात घुसडलं तर वाद होतो आणि मूळ रक्कमही अडकते.

प्र. पाठवलेल्या बिलात दर जास्त लागला. तेच बिल दुरुस्त करून परत पाठवू का?

उ. नको. एकाच नंबरची दोन बिलं फिरू लागली की दोघांच्याही वह्या बिघडतात. फरकाची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम बिलातून कमी केल्याचा कागद, काढा, तिच्यावर मूळ बिलाचा नंबर घाला. सगळंच चुकलं असेल तर पूर्ण रकमेची क्रेडिट नोट आणि नव्या नंबरचं नवं बिल. जुनं बिल पुसून टाकू नका. नंबरांच्या साखळीत भोक पडलं की हिशेब तपासणारा आधी तिथेच बोट ठेवतो.

प्र. एकाच ग्राहकाला 18,000, 12,500 आणि 9,000 अशी तीन बिलं दिली होती. खात्यात एकदम 35,550 जमा झाले. कुठल्या बिलाचे किती धरायचे?

उ. तिन्ही बिलांची बेरीज 39,500. त्यातून 10 टक्के, म्हणजे 3,950 वजा केले की बरोबर 35,550 उरतात. बहुधा तिन्ही बिलं भागवली आहेत आणि कर कापून घेतला आहे. पण अंदाजावर नोंद करू नका. ग्राहकाकडून पेमेंटचा तपशील मागवा, त्यात कोणत्या बिलापोटी किती आणि कापले किती हे असतं. कराची कपात असेल तर तिचं प्रमाणपत्रही मागून घ्या; नाहीतर कर भरताना तिचा दाखला द्यायला हातात काही राहत नाही.

ही गफलत टाळायला एक्सेलच्या तक्त्यात ‘मिळाले’ हा एकच रकाना पुरत नाही. बिल नंबर, बिलाची तारीख, ग्राहक, रक्कम, देय तारीख, जमा तारीख, जमा रक्कम, कापलेला कर, बँकेचे शुल्क, बाकी एवढे रकाने हवेत. पहिल्या बिलाची ओळ अशी दिसेल: रक्कम 18,000, जमा 16,200, कर 1,800, बाकी 0. कराचा रकाना नसता तर 1,800 ‘येणे’ म्हणून लोंबकळत राहिले असते आणि भागवलेल्या बिलासाठी तुम्ही ग्राहकाला आठवणीचे मेल पाठवत बसला असता. परदेशी पेमेंटमध्ये मधल्या बँका शुल्क कापतात, ते बँकेच्या रकान्यात जाईल. ते कुणी सोसायचं हे ग्राहकाशी आधीच ठरवा.

बिल हप्त्यांत भागवलं जात असेल तर प्रत्येक जमेला वेगळी ओळ द्या, जुना आकडा खोडून नवा लिहू नका. आठवड्यातून एकदा बँकेचं स्टेटमेंट उघडून एकेक जमा तक्त्याशी जुळवा. ज्या रकमेची ओळ सापडत नाही, तिच्याबद्दल त्याच दिवशी ग्राहकाला विचारा.