त्याला बघून धडधडत नाही, म्हणजे प्रेम नाही का?

"मॅडम, मुलगा चांगला आहे, पण त्याला बघून काही होतच नाही." लग्न ठरलेल्या मुलींकडून, आणि अलीकडे मुलांकडूनही, हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. 'काही होत नाही' म्हणजे काय, असं विचारलं की झोप उडणं, छातीत धडधडणं, शब्द न सुचणं अशी यादी येते. ती यादी आली कुठून, हे सहसा कुणाला सांगता येत नाही.

मृण्मयीने ते सांगितलं. (नाव आणि तपशील बदलले आहेत.) सत्तावीस वर्षांची, अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळणारी मुलगी. आजोबांचं बोट धरून सार्वजनिक वाचनालयात जायला लागली, तेव्हापासून वाचनवेडी. १८४० सालापासून चालत आलेल्या त्या वाचनालयाने नाशिकच्या कित्येक घरांना वाचनाची गोडी लावली आहे. पुढे मोबाइलवर ती इंग्रजी प्रेमकादंबऱ्या वाचू लागली, आठवड्याला एक. साखरपुडा झाला होता, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त होता आणि "मी समीरला फसवतेय का?" हा प्रश्न तिला झोपू देत नव्हता.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडलेली समुपदेशक. १९५५ च्या सुमारास त्यांनी आपली पद्धत मांडायला सुरुवात केली. घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्टी समज आपल्याला जास्त छळतो, हे तिचं सार. प्रेम असेल तर धडधडलंच पाहिजे, हा मृण्मयीचा हट्ट होता. पण असं तोंडावर सांगून भागत नाही. हुशार मुलं मान डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा तिथेच अडकतात.

मग एका भेटीत ती वैतागूनच आली. कित्येक महिने वाट पाहिलेली नवी कादंबरी वाचून झाली होती आणि तिची साफ निराशा झाली होती.

"काय खटकलं?"

"ती दोघंच पटत नाहीत, मॅडम. तो आर्किटेक्ट, हिची बेकरी. पावसात धडकतात आणि शंभराव्या पानावर एकमेकांशिवाय जगू शकत नाहीत. का, ते लेखिका सांगतच नाही. तो हिच्या डोळ्यांबद्दल बोलतो, ही त्याच्या खांद्यांबद्दल. हिचा भाऊ हॉस्पिटलमध्ये असतो, तर हा एकदाही विचारत नाही की तो कसा आहे!"

"म्हणजे धडधड भरपूर आहे."

"धडधडच आहे नुसती! एकमेकांची काही माहितीच नाही त्यांना."

मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. ते वाक्य तिचं तिलाच ऐकू यायला हवं होतं. मग विचारलं, "समीरने तुला आजवर काय काय विचारलंय?"

तिला आठवायला वेळ लागला. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा समीर सातपूरची रात्रपाळी संपवून थेट घरी आला होता. डोळ्यांत थेंब दिवसातून किती वेळा घालायचे, विचारलं आणि आजीच्या साध्या फोनमध्ये तेवढे गजर लावून दिले. "आजी अजून सांगते सगळ्यांना," ती म्हणाली.

"आणि तू त्याला काय विचारलंस?"

ती गप्प झाली. त्याचा पगार, पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा हप्ता, सासूबाईंचा स्वभाव हे सगळं तिला माहीत होतं, पण ते घरच्यांनी काढलेलं. तो कशाने चिडतो, काय राहून गेलं असं त्याला वाटतं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. डोळे भरून आले तिचे. "मॅडम, मी पण कादंबरीतल्या त्या दोघांसारखीच वागतेय." मला सर्वांत समाधान देणारे क्षण हेच, उत्तर माझ्या तोंडून न येता समोरच्याला स्वतःच्याच शब्दांत सापडतं.

पुढच्या भेटीत ती म्हणाली, "आमचं पहिलं भांडण झालं." सोमेश्वरला दोघं तासभर बोलली होती. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगला मिळालेली जागा त्याने बहिणीच्या लग्नासाठी सोडली होती. इतकी मोठी गोष्ट लपवली म्हणून ही चिडली, तू कधी विचारलंस, म्हणून तो. हे सांगताना तिचा आवाज चढला होता. समीरबद्दल बोलताना असं पहिल्यांदाच होत होतं.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८६ मध्ये प्रेमाचे तीन घटक सांगितले: जवळीक, ओढ आणि बांधिलकी. आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नात बांधिलकी साखरपुड्यालाच येते आणि बाकीची दोन मागून यावी लागतात. जवळीक विचारण्यातून वाढते. ओढ पुष्कळदा तिच्यामागून येते, नेहमी येतेच असं नाही. म्हणून मुहूर्ताआधी एकमेकांना पैसा, नोकरी, आईवडील, मूल यांबद्दल विचारा. आणि त्या माणसाची भीती वाटत असेल, स्पर्श नकोसा होत असेल, तो तुमचा अपमान करत असेल, तर 'लग्नानंतर होईल सगळं' हे कुणाचंही ऐकू नका. थांबा. कादंबऱ्या मात्र सोडायची गरज नाही. त्यांचा शेवट गोड करायचा हा त्या प्रकाराचा रिवाजच आहे. पुढचे घराचे हप्ते आणि रात्रपाळ्या त्यात येत नाहीत, एवढं लक्षात ठेवून खुशाल वाचा.

मृण्मयीच्या आईंचा मला फोन आला होता: "लग्न करावं की नाही, एवढंच सांगा." तो निर्णय तिचा, असं सांगून मी दोनच गोष्टी मागितल्या. आठवड्यातून एकदा दोघांना एकटं भेटू द्या, आणि ती घरी आली की 'काय ठरलं?' विचारू नका. पहिली त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीला वेळ लागला.